टाळ्या मिळाल्या, जहाज चुकलं

बिदर-कलबुर्गीच्या मित्रांनो, मुंबईत रस्ते बंद होणार असले की लांबून येणाऱ्या आपल्याला कुणी सांगत नाही, ही आपली जुनी तक्रार. आज सकाळी तीच घेऊन मी भांडलो.

माझ्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं, आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती: एकदा जहाजात बसायचं. क्रूझची तिकिटं काढून कालच तिला घेऊन भालकीहून आलो. आज शहरात मॅरेथॉन. बंदराच्या अलीकडे टॅक्सी अडली.

हवालदार म्हणाला, "काका, गाडी सोडता येत नाही. त्या पुलावरून चालत जा, वीस मिनिटांत पोचाल."

मी पहिलंच वाक्य ऐकलं आणि रस्ता कुणाचा यावर बोलत सुटलो. लोक जमले, टाळ्या पडल्या.

अक्का बाही ओढत होती. "कामून भांडायलास रे? चल की चालत."

"थांब अक्का, दोनच मिनिटं."

पोचलो तेव्हा चढायची वेळ संपली होती. जहाज समोरच उभं होतं. अक्का बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "भाषण चांगलं झालं बघ तुझं. जहाजातल्यांना ऐकायला न्हाई मिळालं."

रस्ता अडला, तर सोबतच्या माणसाचा हात धरून आधी चालायला लागा. भांडण परतताना करा.