टाकीच्या तोंडावरचा हिरवा रंग

तलासरीकडच्या हमरस्त्यावर एका पेट्रोल पंपावर मी देखभालीचा मिस्त्री आहे. बायकोही तिथेच कामाला आहे. टँकर आला की त्याचा होस जमिनीतल्या टाकीच्या तोंडाला नीट बसलाय ना, हे ती पाहते. आम्ही राहतो रानशेतला; एकाच मोटारसायकलवर येतो-जातो, आणि वाटेत बोलतो ते बहुतेक पंपाबद्दलच.

पूर्वी टाकीत उतरणारा पाइप लोखंडी होता. पेट्रोल वाहताना घासून जी वीज तयार होते, ती लोखंडातून आपसूक मातीत उतरते. तो गंजला आणि त्याच्या जागी प्लास्टिकचा आला. प्लास्टिक गंजत नाही, पण वीजही वाहून नेत नाही. वरचं तोंड मात्र लोखंडीच राहिलं. म्हणून त्याला बोल्टने एक तांब्याची पट्टी जोडून ती जमिनीत नेली. पाइप बसवणाऱ्यांनी मला बजावलं, "पट्टी सुटली तर तोंडावर वीज साठेल. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते." मी मान डोलावली. सगळं आपल्याला कळतं, असा माझा तेव्हा समज होता.

दसऱ्याला यंत्रं धुऊन-पुसून पूजायची, ही सगळ्यांचीच रीत. मला मात्र नुसत्या धुण्याने समाधान होत नाही, मी रंगवतो. त्या वर्षी पट्टी काढली, तोंडाला हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले, पट्टी आणि बोल्टही सोडले नाहीत. वाळल्यावर सगळं पुन्हा घट्ट कसलं, झेंडूची माळ घातली. शेठ म्हणाले, "वा, नवंकोरं दिसतंय!" मी फुलून गेलो.

पुढचा टँकर आला तेव्हा बायकोने तोंडाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"मना चटका लागला," ती म्हणाली.

"नायलॉनचा ड्रेस घालून आलीस, मग दुसरं काय होणार?" मी म्हणालो. ड्रायव्हरही हसला. ती कामाला लागली.

दिवाळी उलटल्यावर नेहमीची तपासणी आली. टाकी बंद होती. तोंडावरची वीज जमिनीत उतरते का, हे पाहायला थोडा रंग खरवडून मीटर लावला, तर काटा हलेना. मी मीटरलाच दोन थपडा मारल्या. मग पट्टी उघडली. लोखंड आणि तांबं यांच्यामध्ये वीज अडवणारा माझा हिरवा रंग बसला होता, अगदी पक्का. कामात मी कसूर करत नाही.

मी तिथेच खाली बसलो. सरळ सांगायचं तर मला भीती वाटली. दसऱ्यापासूनच्या प्रत्येक टँकरला ती त्या तोंडावर वाकून उभी राहिली होती. दोन्हीकडचा रंग घासून काढला, धातूला धातू भिडवला, काटा हलला. मग शेठना चूक कबूल केली. ते बरंच बोलले, आणि ते ऐकून घेणं भाग होतं.

घरी तिलाही सांगितलं. ती नाचणीची भाकरी थापत होती. म्हटलं, "त्या दिवशी तुला चटका लागला तो खराच होता. मी उगाच हसलो."

तिने भाकरी तव्यावर टाकली.

"त्या दिवशी कसला," ती म्हणाली, "दर टँकरला लागत व्हता. तू हसला, म्हणून मी सांगाचं बंद केलं."