शून्याकडं सरकलेला उतार

परंड्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे तेव्हाची मी एक नमुनाच होते. अंबाड्यात पेन खोचलेलं. कुर्डुवाडीच्या एसटीत शेजारणीनं कुठं निघालात विचारलं की उत्तर तयार, "विश्व का फुगतंय ते बघायला." निघालेली असायची पुण्याच्या ग्रंथालयात, तीही रजा टाकून.

तेव्हा नुकतंच कळलं होतं की विश्वाचं प्रसरण वेग घेतंय. वर्गात मी तेरखेड्याच्या फटाक्यांतल्या बाणांचं उदाहरण द्यायचे. एकाच बनावटीचे दोन बाण, त्यातला फिका दिसतो तो लांब फुटलेला. ताऱ्यांचे स्फोटही तसेच, अंदाजापेक्षा फिके, म्हणजे अंदाजापेक्षा लांब. मग ढकलतंय कोण? बहुतेक जण म्हणायचे, रिकाम्या जागेचीच एक न बदलणारी ऊर्जा. आमच्या बाईसाहेबांना, म्हणजे तेव्हाच्या मला, ते लई बेचव वाटलं. त्यांनी अदिश क्षेत्र मांडलं. म्हणजे सगळीकडं पसरलेली, तापमानासारखी दिशा नसलेली एक राशी, उतारावरून आधी वेगानं आणि मग मंद होत घरंगळणारी. उतार किती तीव्र ते एक आकडा सांगायचा. तो शून्य झाला तर क्षेत्र जागचं हलत नाही, आणि उरते तीच बेचव ऊर्जा.

शोधनिबंध छापून आला तेव्हा त्या बाईनं गल्लीत पेढे वाटले. एकीनं पेढा घेत विचारलंही, "कुणाला काय झालं?"

पुढचं आयुष्य त्या उताराच्या मागंच गेलं. त्याला खोटं ठरवायला पुरेशी निरीक्षणं नव्हती, आणि तेच माझं सुख होतं.

गेल्या उन्हाळ्यात नात पुण्याहून आली. असली मॉडेलं निरीक्षणांशी ताडून बघणं हेच तिचं संशोधन. आकाशगंगांच्या नव्या मोजमापांवरून ती ऊर्जा बदलत असावी, अशी कुजबुज चालू होती.

"आज्जी, तुझं क्षेत्र घालून बघू का?"

मी टेबलफॅन तिच्या लॅपटॉपकडं वळवला.

संगणक उताराचे वेगवेगळे आकडे चाचपतो आणि निरीक्षणांना जे पटतात तिथं जास्त वेळा थांबतो. त्या थांब्यांचा ढीग दुपारी पडद्यावर आला. सगळा डाव्या काठाला, भिंतीशी ओतलेल्या ज्वारीसारखा.

"काठ कुठं धरलास?"

"शून्याच्या जरा वर."

"का गं?"

"त्याच्या खाली ते तुझं राहतच न्हाय, आज्जी."

ढीग भिंतीला टेकला की उत्तर भिंतीपलीकडं असतं, हे मी जन्मभर मुलांना सांगितलेलं.

"भिंत काढ."

"राहू दे की. तुला दाखवायलाच केलंय."

"काढ म्हणते ना."

तिनं काढली. वीज गेली, पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला. ऊन उतरेपर्यंत आम्ही दोघी समोर बसून होतो. ढीग हळूहळू सरकला आणि शून्यावर जाऊन बसला.

"बदलतीय म्हणत होते ना ती ऊर्जा?" मी विचारलं. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला.

"बदलत असली तरी उलटी. आधी थांबलेली, आत्ता कुठं हललेली. तुझं क्षेत्र आधी पळालं, आता थांबत आलंय."

म्हणजे चूक ठरले असते तरी बरं होतं. चुकीला कुणी तरी खोडायला तरी येतं. माझं मॉडेल टिकत होतं, फक्त ते माझं नसेल तेव्हा. शून्य घातलं की माझ्या समीकरणातली एकेक पद गळत गेलं आणि जे उरलं ते पहिल्या वर्षाचं पोरही लिहील.

"प्रबंधात काय लिहू?" तिनं खाली बघत विचारलं.

"लिही, या निरीक्षणांना या क्षेत्राची गरज दिसत नाही."

"दिसत नाही, का नाहीच?"

"दिसत नाही. आपल्याला तेवढंच म्हणता येतं."

तिला वाटलं, मी स्वतःला सांभाळून घेतेय. पण ही नुसती कामाची शिस्त होती. अंबाड्यात पेन खोचलेल्या त्या बाईला सांगण्यासारखं माझ्याकडं काही उरलं नव्हतं.