माफीची खुर्ची

आमच्या विभागप्रमुखाला मी सगळ्यांसमोर गुडघ्यांवर आणलं. त्याचं मला वाईट वाटत नाही. पुष्कळ प्रयत्न केला, पण वाटत नाही. वाईट वाटतं ते माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल. ती या भांडणात कुठेच नव्हती आणि त्याची किंमत मात्र तिला द्यावी लागली.

मी लवळ्याच्या टेकडीवरच्या एका विद्यापीठात शिकवतो. पंचविशीत शिष्यवृत्ती मिळाली म्हणून जावा बेटावर राहिलो, तिथली भाषा शिकलो, आणि परत आल्यावर पुढची सगळी वर्षं त्याच शिदोरीवर काढली. तिथला इस्लाम, त्याचं साहित्य आणि लोकांचं रोजचं जगणं असा एक अभ्यासक्रम मी हळूहळू उभा केला. उतरत्या छपरांचे मजले एकावर एक चढवलेल्या जुन्या मशिदी, अरबी लिपीत लिहिलेली जावानी काव्यं, आपल्या पुराणातले वीर चामड्याच्या बाहुल्या होऊन पडद्यावर सावल्या टाकतात आणि त्या सावल्यांतूनच धर्म गावोगावी पोचला असं सांगणाऱ्या लोककथा. हिंजवडीत नोकरीला लागायची घाई असलेली मुलं क्रेडिट भरायला म्हणून वर्गात येऊन बसायची. त्यातली दोन-चार अडकायची. मला तेवढी पुरत.

विभागप्रमुख माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान. पुण्यातला, चटपटीत, बोलण्यात गोड. आल्या आल्या त्याने माझ्या स्लाइड मागितल्या. "सर, फक्त एकदा नजर टाकतो." मी दिल्या. पुढच्या वर्षी अभ्यासक्रमावर त्याचं नाव होतं, परदेशातल्या परिषदेत त्यावर तोच बोलून आला, आणि माझ्या वाट्याला पहिल्या वर्षाचं इंग्रजी संभाषणकौशल्य आलं. बैठकीत कुणीतरी विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "सरांचा व्यासंग दांडगा आहे. पण डिलिव्हरी जरा नाइंटीजची आहे." सगळे हसले. मीही हसलो. त्याने अभ्यासक्रम घेतला हे कदाचित पचलं असतं. मी हसलो ते पचलं नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी त्याचं वाईट चिंतण्यात घालवली. वर्गात संभाषणकौशल्य शिकवताना, घाटात गाडी चालवताना, बायको काही सांगत असताना. ती म्हणायची, "तुम्ही ऐकत नाही आहात." मी खरंच ऐकत नसे. तो कुठे तरी अडखळून पडतोय आणि लोक बघतायत, हे चित्र मी मनात रंगवत असे. सूड घ्यायला लागतो तो धीर माझ्यात नव्हता. तो मला एका प्रथेने दिला.

आपल्याकडे ईदला गळाभेट होते, शेजारून शीरखुर्मा येतो. इंडोनेशियात रमजानची ईद झाली की आणखी एक गोष्ट होते. लोक एकमेकांची माफी मागतात. घरात, गल्लीत, कचेरीत. त्याला ते हलाल बिहलाल म्हणतात. म्हणायचं ते ठरलेलं असतं: बाहेरचं आणि आतलं, दोन्ही माफ करा. उत्तरही ठरलेलं: केलं, आणि मलाही करा. कशाची माफी, हे कुणी विचारत नाही. ज्याने काही केलेलं नाही तोही मागतो, आणि ज्याने केलंय तो त्या गर्दीत मागून मोकळा होतो. कचेरीत सगळे रांगेत उभे राहून हात मिळवत पुढे सरकतात. घरात मात्र थोरला माणूस खुर्चीत बसतो आणि धाकटे त्याच्यापुढे गुडघ्यांवर येऊन त्याच्या मांडीशी कपाळ टेकतात. मी ज्या घरात राहिलो तिथल्या म्हाताऱ्यापुढे मीही टेकलं होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून तो जे पुटपुटला ते मला नीट कळलंसुद्धा नव्हतं, तरी उठलो तेव्हा अंग हलकं वाटलं होतं. म्हणजे मी काय नासवायला निघालो होतो हे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

त्या वर्षी आमच्याकडे इंडोनेशियाची दहाएक मुलंमुली होती. त्यांत एक पूर्व जावातल्या खेड्यातली मुलगी एमएचा प्रबंध माझ्याकडे करत होती. त्यांच्या गावातल्या मशिदीत बांग झाल्यावर आणि नमाज उभी राहण्याआधी मधल्या वेळात लोक जावानीत गाणी म्हणतात. मरणाची, गरिबीची, शेजाऱ्याशी नीट वागा असं सांगणारी. तिची आजी ती म्हणायची. तिने आजीचा आवाज मोबाइलवर गोळा करून आणला होता आणि त्या गाण्यांवर ती लिहीत होती. विषय मला इतका आवडला होता की तिचा प्रबंध मी माझा असल्यासारखा वाचत असे. ती मला 'पाक' म्हणायची. त्यांच्यात सरांनाही तेच म्हणतात आणि वडिलांनाही.

ईदनंतर विभागात हलाल बिहलाल करू, असं तिनेच सुचवलं. प्रमुखाने लगेच उचलून धरलं; फोटो चांगले येणार होते. मांडणी कशी करायची हे विचारायला ती माझ्याकडे आली.

"थोरल्यांना खुर्चीत बसवू," मी म्हणालो. "बाकीचे खाली येतील."

"पाक, होस्टेलवर आम्ही रांग करतो. बसत कुणी नाही."

"तुझ्या घरी?"

"घरी आजी बसते. पण ती आजी आहे."

"मग इथेही घरच्यासारखं करू."

ती म्हणाली, "विभागात थोरले तुम्हीच आहात."

"वयाने," मी म्हणालो.

ती "हो" म्हणाली. जावात थोरल्या माणसाला 'नाही' म्हणत नाहीत. 'हो' इतकं हळू म्हणतात की ऐकणाऱ्याने काय ते ओळखावं. मी ओळखलं, आणि न ओळखल्यासारखं केलं.

प्रमुखाला शंका येणार नाही याची मला खात्री होती. त्याला जे काही ठाऊक होतं ते माझ्या स्लाइडमधून, आणि त्या स्लाइडमध्ये खुर्चीतली आजी आणि गुडघ्यांवरचा नातू एवढाच फोटो होता. कचेरीतली रांग मी वर्गात नुसती तोंडी सांगायचो. मुलांना विचारावं तर तो या विषयातला तज्ज्ञ. तज्ज्ञाला विचारायची सोय नसते. "वा, एकदम ऑथेंटिक," तो म्हणाला.

त्या दिवशी सकाळपासून मुलांनी कॅन्टीन ताब्यात घेतलं होतं. नारळीच्या कोवळ्या पात्या विणून त्यांच्या पुड्या करतात, त्यात तांदूळ भरून तासन्‌तास उकळतात, त्याला कतुपात म्हणतात. पात्या कॅम्पसच्या झाडांवरून आल्या होत्या. कॅन्टीनच्या मावशी घोटावड्याहून येतात, त्या कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"सर, त्यो गार्ड लई बोंबलतोय झाडं ओरबाडली म्हणून. तुमचं नाव सांगितलंय मी."

"बरं केलंत."

"आन् ह्यात आत हाय काय?"

"भात."

"निस्ता भात?" त्यांनी एक पुडी हातात घेऊन उलटसुलट केली. "येवढं इणकाम करून भातच खायाचा? आमच्यात न्हाई बाई येवढा येळ."

मुलं हसली. ती मुलगीही हसली. त्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं मला आठवतं.

सभागृहात पुढे एकच खुर्ची मांडलेली होती. मी बसलो. आधी मुलं आली. एकेकाने खाली येऊन कपाळ टेकलं, ठरलेलं वाक्य म्हटलं, मी ठरलेलं उत्तर दिलं. आपल्या मुलांनाही मजा वाटली; दसऱ्याला सोनं देऊन पाया पडतात तसं करून ती पुढे गेली. मग प्रमुख आला. त्याने कोट घातला होता. माझ्यापुढे उभं राहून त्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला.

मी माझे हात मांडीवरच ठेवले.

तो हसला. हात तसाच ठेवून त्याने इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांचे मोबाइल वर होते. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, ऑथेंटिक." हशा झाला. मग त्याने पँट किंचित वर ओढली आणि तो गुडघ्यांवर आला. त्याच्या डोक्यावरचे केस मधोमध विरळ झाले आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. त्याने ते वाक्य चांगलं पाठ केलं होतं. उच्चारही चांगले होते. बाहेरचं आणि आतलं, दोन्ही माफ करा.

मी म्हणालो, "कशाबद्दल?"

मराठीत म्हणालो, म्हणजे सगळ्यांना कळावं. त्याने मान वर केली. "सर, प्रथा आहे."

"प्रथा आहे ते मीच लिहिलंय. तुम्ही कशाबद्दल मागताय ते विचारतोय."

आपली मुलं हसायची थांबली. इंडोनेशियाची मुलं आधीच गप्प झाली होती, कारण ठरलेलं उत्तर आलं नाही हे सगळ्यांत आधी त्यांना कळलं होतं. प्रमुखाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो तसाच बसून राहिला. बहुधा फार वेळ नाही, पण मी तो वेळ पोटभर खाल्ला. मग तो उठला, गुडघे झटकले, आणि "चला, जेवू या" म्हणाला. त्या संध्याकाळी घाट उतरताना मी गाडीत मोठ्याने गाणं म्हणत होतो.

सूड त्याच्यापुरता राहील असं मी धरून चाललो होतो. तो माझं काही वाकडं करू शकत नव्हता. घेण्यासारखं होतं ते त्याने आधीच घेतलं होतं. पण माझ्याकडे एक गोष्ट अजून होती, आणि ती त्याला माहीत होती.

तिला कळवण्यात आलं की मार्गदर्शकाचा सध्या या विषयाच्या अध्यापनाशी संबंध नसल्यामुळे प्रबंधाचा फेरविचार करावा लागेल. तिचा व्हिसा पावसाळ्याच्या तोंडाशी संपत होता. तोवर प्रबंध गेला नाही तर पदवीशिवाय घरी, आणि पुन्हा यायला तिच्या घरच्यांकडे काही नव्हतं. ती मला सांगायला आली. मागितलं काहीच नाही. मी म्हणालो, "बघतो."

मी बघितलं नाही. त्याच्या केबिनपर्यंत जाऊन दोनदा परत आलो. आत जाणं म्हणजे हरणं होतं, आणि माझ्या मोबाइलवर अजून त्या दिवशीचा, कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ होता. खरं सांगायचं तर त्या काळात मी तिच्या प्रबंधापेक्षा तो व्हिडिओ जास्त वेळा पाहिला.

एका दुपारी चहा देताना मावशी म्हणाल्या, "ती जावाची पोरगी हल्ली जेवत न्हाई. ताट तसंच ठिवून उटती. घरी काय झालंय का तिच्या?"

"नाही," मी म्हणालो. "घरी काही नाही."

"मंग हितंच कायतरी झालंय," असं म्हणून त्या दुसऱ्या टेबलाकडे गेल्या.

चहा तसाच ठेवून मी केबिनमध्ये गेलो. मनात तयारी केली होती की तो ओरडेल, अपमान करेल. मग मलाही बोलता येईल. तो उभा राहिला आणि त्याने मला खुर्ची दिली.

"सर, तुमच्यावर लोड फार आहे," तो म्हणाला. "मी घेतो तिला. चालेल ना?"

त्याने कागद पुढे सरकवला. मार्गदर्शक बदलण्यास माझी हरकत नाही, एवढंच त्यात होतं. तिच्या आजीची गाणी, तिचं लिहिणं, मी समासात केलेल्या सूचना, सगळ्यावर आता त्याचं नाव येणार होतं. मी सही केली.

"झालं गेलं विसरून जाऊ," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो. मी त्या खोलीत एवढंच एक खोटं बोललो.

प्रबंध वेळेत गेला. तिला पदवी मिळणार हे नक्की झालं. ती निघाली त्या सकाळी मी फाटकापाशी गेलो. तिच्या बॅगा रिक्षात चढवून झाल्या होत्या. मी तिच्या भाषेत, कुठलंही ठरलेलं वाक्य न वापरता, काय केलं ते सांगितलं: खुर्ची माझ्यासाठी मांडून घेतली, तुझ्या सणाचा वापर केला, तुझं 'नाही' कळूनही ऐकलं नाही, आणि नंतरही हरायचं नव्हतं म्हणून तुला ताटकळत ठेवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हात जोडून, मान लववून, ठरलेलं उत्तर दिलं. केलं माफ, पाक, आणि मलाही करा. एकही शब्द चुकला नाही. वाण्याला सुटे पैसे देताना हसतात तसं ती हसली आणि रिक्षात बसली. मला जे हवं होतं ते त्या उत्तरात नव्हतं, आणि वेगळं काही मागायचा हक्क मला नव्हता. तिने मला ओरडायला हवं होतं. पण थोरल्या माणसावर ओरडायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मला वाटलं होतं की या अपराधाच्या ओझ्याखाली माझा राग दबून जाईल. तसं झालं नाही. दोन्ही एकाच घरात वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. तिच्या आठवणीने मला झोप लागत नाही, आणि तो गुडघे झटकताना आठवला की अजून बरं वाटतं. तिच्या प्रबंधावर त्याने निबंध वाचला तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून ऐकला, आणि त्याने घेतलेली प्रत्येक उसनी ओळ मनात नोंदवून ठेवली.

यंदाचा रमजान संपत आला आहे. नव्या मुलांतल्या एकाने मला मेसेज केला: पाक, या वर्षीही विभागात हलाल बिहलाल करतोय, सगळ्यांनी उभं राहून रांग करू की मागच्यासारखं तुम्हाला खुर्चीत बसवू? मी उत्तर टाइप करतो आणि पुसतो. मेसेज मी वाचला आहे हे त्याला तिकडे दिसत असणार.