साकीनाक्याचा काळोख

कुडाळहून निघालो तेव्हा पिशवीत दोन कपडे, कोकमांची पुडी आणि एक वही होती. वहीत माझ्या नववीच्या मुलांनी लिहून दिलेले बावीस प्रश्न होते. विश्वाला कड आहे का, सूर्य विझला तर आपलं काय, माणूस शहाणा कधी होणार, आणि एका बहाद्दराचा, शास्त्रज्ञांना गणितात किती मार्क पडायचे. उत्तरं आणायला मी मुंबईला चाललो होतो, कारण माझ्या मामेभावाचं, बाळाचं, कार्ड आलं होतं. "दादा, तुझे ते धड्यातले शास्त्रज्ञ दसऱ्याला आमच्या गाळ्यावर येतायत. त्यांचं काम मी करतोय. ये."

बाळा साकीनाक्याला लेथवर (धातू फिरवून कापायच्या यंत्रावर) टर्नर. त्याच्या थापा मला लहानपणापासून पाठ आहेत. पण थाप असती तर त्याने चार पानं लिहिली असती. एवढंसं कार्ड म्हणजे खरंच असणार, असं म्हणून मी एसटीत बसलो. ज्या माणसावरचा धडा पंधरा वर्षं शिकवला, तो समोर दिसणार म्हणून मला घाटात नेहमीसारखं मळमळलंसुद्धा नाही.

सकाळी कुर्ल्याला उतरलो. तिथून अंधेरीच्या बसने साकीनाका आणि मग असल्फ्याच्या टेकडीवर बाळाची खोली. पायऱ्या चढताना दम लागला. वर बाळाच्या बायकोने, सुमनने, घावणे (तांदळाच्या पिठाची जाळीदार धिरडी) आणि चहा पुढे ठेवला.

"भावोजी, ह्यांना जरा सांगा," ती म्हणाली, "आठ दिवस नीट जेवले नाहीत. ती नळी नि हे."

बाळा खाली मान घालून हसला. शेठने हे काम पहिल्यांदाच एकट्या त्याच्या अंगावर टाकलं होतं. नीट झालं तर मोठा लेथ कायमचा त्याचा, बिघडलं तर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली. नळी तारे बघायच्या यंत्रात बसणार होती, आणि शास्त्रज्ञ ती घेऊन दुसऱ्याच दिवशी दूरच्या वेधशाळेत जाणार होते.

गाळा (पत्र्याच्या छपराचा छोटा कारखाना) एका लांबलचक ओळीत होता. एरवी तिथे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं म्हणे. त्या दिवशी सगळी ओळ गप्प होती. प्रत्येक दारात झेंडूचं तोरण, आत धुऊनपुसून ठेवलेली यंत्रं, त्यांच्यावर हळदकुंकू, पुढे समई. दसऱ्याला पूजा झाली की दिवसभर यंत्राला हात लावायचा नाही. इतकं लोखंड एकाच वेळी विसावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. देवळात जावं तशी मी चप्पल बाहेर काढली.

लेथपुढे लाल कापडावर नळी मांडली होती. पितळेची, हातभर लांब, आत मूठ सहज जाईल एवढी रुंद. बाळाने ती माझ्या हातात दिली. मी आत डोकावलो तर आत आरसा! माझंच नाक मला दहा ठिकाणी दिसलं.

"झकास ना?" बाळा म्हणाला. "आत सगळ्या खरखरीत खाचा होत्या. पूजेला मांडायची वस्तू, त्यात एवढा मोठा माणूस येणार. म्हटलं, अशी ओबडधोबड कशी ठेवू? काल दिवसभर घासली."

भिंतीवर कामाचा नकाशा टाचला होता. त्याच्या कडेला शास्त्रज्ञांनी स्वच्छ मराठीत लिहिलं होतं, "आतल्या खाचा तशाच ठेवाव्यात. चमक नको." मी बोट दाखवलं. बाळाने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मटकन स्टुलावर बसला.

"वाट लागली," तो म्हणाला. "हे वाचलं होतं मी, दादा. मला वाटलं, गरिबाला त्रास नको म्हणून लिहिलंय."

मी मास्तर माणूस, पण त्या क्षणी माझ्या तोंडून निघालं, "आता त्यांना बोलू नको. नेतील आणि बघतील."

बाळाने माझ्याकडे असं पाहिलं की मला लाज वाटली. "गप रव (गप्प राहा)," तो म्हणाला. "माझ्या हातचं काम आहे."

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली आणि शास्त्रज्ञ उतरले. धड्यातल्या चित्रात ते कोटात आहेत. इथे साधा बुशशर्ट, खांद्याला शबनम, पायात झिजलेल्या वहाणा. बाळाने त्यांना कुंकू लावलं, हातावर पेढा ठेवला आणि लगेच म्हणाला, "सर, नळी मी बिघडवलीय. मशीन लावलं तर तासाभरात खाचा परत पडतील. पण आज मशीन... तुम्ही म्हणत असाल तर लावतो."

त्याचा हात लेथवरच्या हाराकडे गेला.

"थांबा," ते म्हणाले. "हार राहू द्या. आम्हाला ज्या ताऱ्याचा उजेड पकडायचाय, तो तिथून निघाला तेव्हा शेती करणारी माणसंसुद्धा नव्हती. त्याच्यासाठी तुमचा दसरा कशाला मोडायचा?" मग नळीत डोकावून ते एकदम हसले. "काय पॉलिश केलंय हो! इकडचा तिकडचा उजेड यावरून उसळून ताऱ्याच्या चित्रावर सांडेल, म्हणून चूक आहे, पण काय हात आहे!"

बाळा कोपऱ्याकडे बघत होता. तिथे आगीसाठी वाळूची लाल बादली टांगलेली होती. "सर," तो हळूच म्हणाला, "सुट्टी मशीनला आहे. हातांना नाही."

मग जे झालं ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो. ते शास्त्रज्ञ जमिनीवर मांडी घालून बसले, बाह्या सरसावल्या, आणि चमक मोडायला ओल्या वाळूने नळी आतून घासायला लागले. मी पाणी ओतत होतो. बाळा त्यांना "जोर नको सर, गोल गोल" असं शिकवत होता आणि ते मुकाट्याने ऐकत होते.

"तरुणपणी मला एक नवा किरण सापडला होता," ते सांगू लागले. "तीन महिने हवेत होतो. मग प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाने माझं मनगट धरलं. किरण माझ्याच घड्याळाच्या रेडियम लावलेल्या चमकणाऱ्या काट्यांतून येत होता." आम्ही हसलो. "स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही हो. म्हणून विज्ञान एकट्याने होत नाही. आणि जगणंही."

चमक गेली, पण पितळ अजून उजळच होतं. काळा रंग हवा होता आणि दुकानं बंद होती. बाळाचं लक्ष समईकडे गेलं.

"आई काजळ धरायची," तो म्हणाला.

तो उठून ओळीतल्या प्रत्येक गाळ्यात गेला. माणसं आपापल्या समया घेऊन आली, सुमनने ताटल्या आणल्या. दहा-बारा ज्योतींवर ताटल्या उपड्या धरल्या. दुपारी तीनपर्यंत वाटीभर काजळ जमलं. शेजारच्या सुताराच्या लाखेच्या पॉलिशमध्ये ते कालवलं आणि बाळाने कापडाच्या बोळ्याने आत लावलं. मी पुन्हा डोकावलो. माझं नाक दिसलं नाही. काहीच दिसलं नाही. इतका सुंदर काळोख मी पाहिला नव्हता.

"आयुष्यभर उजेड शोधला," शास्त्रज्ञ कोपरापर्यंत काळे हात पुसत म्हणाले, "पण निम्मं आयुष्य असा काळोख तयार करण्यात गेलं. मंद तारा दिसायचा तर आपली चमक आधी बंद करावी लागते."

निघताना मी त्यांना सांगितलं की यावर लिहीन. "लिहा," ते म्हणाले, "पण माझं नाव नको. यांचं घाला." म्हणून नाव दिलेलं नाही.

परतीच्या एसटीत वही उघडली आणि कपाळावर हात मारला. बावीसच्या बावीस प्रश्न तसेच राहिले होते. वर्गात मुलांना सगळी हकिगत सांगितली. माझ्या नखांतलं काजळ अजून गेलं नव्हतं, ते पोरं आळीपाळीने बघून गेली. माणूस शहाणा कधी होणार, हे विचारणाऱ्या मुलीने वहीतल्या आपल्या प्रश्नावर स्वतःच रेघ ओढली.

दिवाळीनंतर बाळाचं कार्ड आलं. "दादा, ताऱ्याचं चित्र स्वच्छ आलं, असं सरांचं पत्र आलंय. मोठा लेथ माझा झाला. सरांनी दुसरी नळी सांगितलीय. लिहितात, बाहेरून हवी तेवढी पूजा करा, आतून मात्र काजळ. आणि ते तुमच्याच समईचं हवं."