अम्मन हलकी झाली ते वर्ष

अय्याकण्णूच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा आहे. एकेचाळीस वर्षं तो गावदेवी अम्मनची पालखी वाहतोय. पुढच्या दांडीची उजवी बाजू त्याचीच. मूर्ती चोळांच्या काळातली, पंचधातूची, भरीव. मिरवणुकीत विहिरीजवळचा चढ आला की भल्याभल्यांचे गुडघे लटपटत.

गेल्या पंगुनी महिन्यातल्या उत्सवात मात्र चढ कधी संपला ते त्याला कळलंही नाही. देवळात परतल्यावर तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आईनं माझं वय ओळखलं. माझ्यासाठी हलकी झाली." बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवळाच्या पुजाऱ्यांनी, गुरुक्कळांनी, अम्मनचं रेशमी वस्त्र त्याच्या डोक्याला बांधलं. त्याने आनंदाने गावभर पोंगल, गुळाचा गोड भात, वाटला. पुढे वर्षभर लोक त्या खांद्याला हात लावून नमस्कार करत राहिले.

"आई हलकी झाली, पण तुमचं डोकं जड झालंय," बायको पूंगोदै म्हणायची. "पाण्याची घागर तेवढी उचला आता."

यंदा उत्सवाला चार दिवस असताना मूर्तीच्या पीठाची एक कडी निखळली, म्हणून स्वामीमलैहून मूर्ती ओतणारे स्थपती आले. त्यांनी वस्त्रं उतरवायला लावली, मूर्ती आडवी करायला हात घातला आणि थबकले. पाठीवर बोटाने टकटक केलं. पुन्हा केलं.

"गुरुक्कळ, ही कुठून आणलीत?"

"आणली म्हणजे? पिढ्यान्‌पिढ्या इथंच आहे."

"ही पोकळ आहे. पूजेचा देव भरीवच ओततात. खरी कुणीतरी नेली आणि ही ठेवली."

गुरुक्कळ मटकन खाली बसले. "अहो, रोज या हातांनी न्हाऊ घालतो मी तिला!"

"न्हाऊ घालता. उचलत नाही."

अय्याकण्णूचा हात आपोआप घट्ट्यावर गेला, आणि चटका बसल्यासारखा खाली आला.

दुपारी पोलिसांची अधिकारीण आली. "मूर्ती कधी बदलली, काही अंदाज?"

लोक एकेक करून अय्याकण्णूच्या खांद्याकडे बघू लागले. पूंगोदैने मान खाली घातली.

"गेल्या पंगुनीच्या आधी," तो म्हणाला. "मिरवणुकीला निघाली ती आई नव्हतीच."

"एवढं खात्रीनं कसं सांगता, अय्या?"

"मीच पोंगल वाटला ना, बाई."