पत्रकातला पाळणा

कोकंद शहराच्या बाजारात पाळणे करणाऱ्यांची एक अख्खी गल्ली होती. आता तिथे रिखसिवोय एकटाच उरला होता. तुतीचं लाकूड तासून त्याची बोटं वाकली होती आणि सकाळी दुकानाच्या फळ्या काढायचाही त्याला कंटाळा यायचा. लोकांना प्लास्टिकचे पाळणे आवडू लागले, त्याला कोण काय करणार! उन्हाळ्यापर्यंत गिऱ्हाईक फिरकलं नाही तर दुकान सोडायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"अका, नातवंडाचा पाळणा घेते मुलीची आई," शेजारचा चहावाला म्हणाला. थोरल्या भावाला म्हणतात तसं सगळे त्याला अका म्हणायचे. "त्या बायका फोनात कुठे बघतात? हातात कागद द्या. बायकांच्या बैठकीत तो आपोआप फिरतो."

म्हणून पत्रकं छापायचं ठरलं. फोटोवाला आला. दुकानातल्या प्रत्येक पाळण्यात रिखसिवोय एक गोल नान ठेवायचा. रिकामा पाळणा हलला तर लेकराला बाधतं, ही तिथली समजूत. फोटोवाल्याने नान उचलून बाजूला ठेवली.

"खरकटं दिसतंय, अका. आणि पाळणा जरा कलता धरू, हलतोय असं वाटेल."

"धर बाबा," रिखसिवोय म्हणाला. वाद घालायलाही अंगात जीव लागतो.

पत्रकं झाली मात्र झकास, गुळगुळीत. त्याने ती बाजारभर वाटली. बायका घ्यायच्या, बघायच्या आणि उपडी करून परत द्यायच्या. एका म्हातारीने तर कागदावर दुआ पुटपुटली. दुकानाकडे कुत्रंही फिरकलं नाही.

उरलेला गठ्ठा त्याने घरी आणून टाकला. बायकोने, मुअज्जमने, वरचं पत्रक उचललं आणि त्याच्यापुढे धरलं.

"अहो, पाळणा हलतोय आणि आत कोणी नाही. हे दाखवून गिऱ्हाईक आणणार होतात?"

"माझ्या हातून पाळणा रिकामाच जातो गं. मला नाही खटकलं."

"मला खटकतं," ती म्हणाली.

लग्नाच्या वर्षी त्याने हौसेने केलेला पाळणा कोपऱ्यात होता. त्यातली नान ती अजून दर शुक्रवारी बदलायची.

मुअज्जमने पेन घेतलं आणि पत्रकातल्या पाळण्यात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ काढलं.

"बटाटा झालाय," रिखसिवोय म्हणाला.

"गप्प बसा. दुसरं द्या."

हळूहळू बाळांना नाक आलं, मग भुवया. तो एकेक कागद पुढे करत राहिला. त्याला फार वाईट वाटत होतं, पण हात थांबवावासा वाटेना.

बाळं काढलेली ती पत्रकं त्याने पुन्हा बाजारात वाटली. वसंत सरता सरता एक बाई दुकानात आली. लेकीला दिवस गेले होते. तिने घडी घातलेलं पत्रक उलगडलं.

"अस्साच पाळणा हवा. पण हे बाळ कुणाचं हो? भुवया अगदी तुमच्यासारख्या आहेत."

रिखसिवोयने रंधा खाली ठेवला.

"आमचंच आहे," तो म्हणाला.