अण्णांच्या जीपचा नवा कार्बोरेटर

माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, माणसांपेक्षा जीपवर जास्त माया करायचे. ही कुरकुर नाही. घरात हे सगळ्यांना मान्यच होतं, आईलासुद्धा. सरकारी लिलावात घेतलेली, पेट्रोलवर चालणारी, माझ्याहून वयानं मोठी गाडी. नव्वदीनंतर कनेरगाव नाक्यावरच्या जवळपास सगळ्या जीपांत डिझेलची इंजिनं बसली आणि त्या माणसं कोंबून हिंगोली-वाशिम करू लागल्या. अण्णांनी मात्र आपल्या गाडीचा एक नटही बदलू दिला नाही. "अस्सल हाय," म्हणायचे. मी तेव्हा बी.ए. होऊन घरी बसलेला, अठ्ठावीस वर्षांचा घोडा. माझ्याबद्दल त्यांचे शब्द वेगळे असायचे.

अखेर जीपच्या कार्बोरेटरनं दम तोडला. झिजून झिजून तो इतका सैल झाला होता की इंजिनाला पेट्रोल कमी आणि जमिनीला जास्त मिळायचं. तसाच दुसरा कुठं मिळेना. नांदेडहून आणला तो भलत्याच गाडीचा, त्याची भोकंही जुळत नव्हती. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा एक मिस्त्री होता, माझ्याच वयाचा, लोकांच्या दारात जाऊन गाड्या दुरुस्त करणारा. अण्णांनी त्याला बोलावून अट घातली: कार्बोरेटर तेवढा नवा, बाकी चोकची तार, अ‍ॅक्सिलेटरची दांडी, तेलाचं एअर फिल्टर, सगळं जुनंच राहिलं पाहिजे. ते जमलं तर नाक्यावरच्या आमच्या जागेत त्याला पत्र्याचं गॅरेज टाकू देणार, असा शब्दही दिला. मिस्त्रीनं मजुरी मागितली नाही. हायवेला लागून स्वतःचं गॅरेज, हे त्याच्या घरात कुणी स्वप्नातही पाहिलं नव्हतं.

तीन दिवस तो आमच्या अंगणात कानस घासत बसला. अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट घेऊन तिच्यात वरून नव्या कार्बोरेटरची भोकं पाडली, खालून जुन्या इंजिनाची. दांडी न कापता बसावी म्हणून दुसराच एक तुकडा घडवला. अण्णा खुर्ची टाकून बघत बसायचे आणि मी चहा नेऊन दिला की माझ्या देखत त्याला म्हणायचे, "असं पोरगं पाहिजे व्हतं माझ्या पोटी. आमचं हे बघ, पान्याचं तोंड कंचं ते कळत न्हाई." मिस्त्री बिचारा खाली मान घालायचा. त्याच्या त्या भिडस्तपणाचाच मला जास्त राग यायचा. उद्धट असता तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी देता आल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. काम झालं होतं, पण जुन्या फिल्टरचा पाइप नव्या कार्बोरेटरवर ढिला बसत होता. त्याला रबराचं कडं लागणार होतं, ते आणायला मिस्त्री वाशिमला गेला. जाताना कार्बोरेटरच्या उघड्या तोंडावर त्यानं फडकं बांधलं आणि मला बजावलं, "भाऊ, हे सोडू नका. आत बारीक बारीक भोकं असतेत."

दुपारी हत्यारांची पूजा मांडली. विळे, कोयता, फवारणीचा पंप आणि बॉनेट उघडून जीप. हळदी-कुंकू लावायचं काम माझ्याकडं. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा आधी, ही आमच्याकडची रीत. मी फडक्याकडं पाहिलं. देवाच्या कार्यात तोंड बांधलेली वस्तू बरी दिसेना, आणि खरं सांगायचं तर मिस्त्रीनं मला बजावून जावं हेच मला झोंबलं होतं. मी फडकं सोडलं. ओलं कुंकू कार्बोरेटरच्या तोंडाला लावलं, अक्षता टाकल्या, वर नारळाचं पाणी शिंपडलं. तोंडाशी लालभडक ओघळ आले तेव्हा मी चपापलो. बोटानं पुसले आणि फडकं होतं तसं बांधून टाकलं. अंगणात तेव्हा कुणी नव्हतं. संध्याकाळी मिस्त्रीनं येऊन कडं बसवलं. इंजिन सुरू झालं, नीट चाललं. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी सगळं गाव निघालं. पुढं अण्णांची जीप, मागं चुलत्यांची डिझेलची. ओढ्याच्या चढावर आमची जीप ठसकली, दोन गचके दिले आणि बंद पडली. अण्णांनी स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली. चुलत्यांना उकळ्या फुटत होत्या. आपल्या गाडीला दोर बांधून त्यांनी आमची जीप गावात ओढत आणली. अण्णा आत पांढरं धोतर नेसून ताठ बसले होते आणि पोरं मागं ओरडत पळत होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. पारावरची दहा-पंधरा माणसं जमली होतीच. त्यानं कार्बोरेटर उतरवून उघडला. आतल्या पेट्रोलच्या वाटीत लाल गाळ बसलेला, त्यात तांदळाचे दोन दाणे, आणि पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं बारीक भोक कुंकवानं बुजलेलं.

"फडकं कोणी सोडलं व्हतं?" त्यानं मला विचारलं. आवाजात राग नव्हता.

"कोणीच न्हाई," मी म्हणालो. "तू बांधून गेलास तसंच व्हतं."

"मग कुकू आत कसं गेलं, भाऊ?"

अण्णांनी उठून त्याच्या मुस्काटात मारली. "माझ्या पोराला खोटं पाडतो? बैलं हाकणाऱ्याच्या हातात इंजिन दिलं, माझीच चूक!" लोक हसले. मीही हसलो.

मिस्त्रीनं गाल चोळला नाही. जेट साफ केलं, सगळं परत बसवलं, हँडल मारलं. जीप पहिल्याच झटक्याला सुरू झाली आणि घड्याळासारखी चालू लागली. तो गॅरेजच्या शब्दाची वाट बघत उभा राहिला. अण्णा म्हणाले, "जाय आता. नाक्यावर दिसू नको." पुढच्या महिन्याभरात त्यानं जीप बिघडवली असं अण्णांनी गावोगाव सांगितलं, आणि त्याला दारात बोलावणारे बंद झाले. नाक्यावरच्या त्या जागेवर मी खताचं दुकान टाकलं. चांगलं चाललं.

जीपही चालली. तिला दहा वर्षं काही झालं नाही. मग ती बंद पडली, त्यातच अण्णा खाटेला खिळले आणि त्यांनी हट्ट धरला: जीपचा आवाज एकदा ऐकायचा आहे. ती भलतीच प्लेट बघून कुठलाही मेकॅनिक हात लावेना. शेवटी मी हिंगोलीला गेलो. मिस्त्री तिथं दुसऱ्याच्या गॅरेजात ट्रकांना ग्रीस मारत होता. केस पिकले होते. येणार नाही असं वाटलं होतं, पण आला. तासाभरात जीप सुरू केली. हात पुसत मला म्हणाला, "पैसे नको. मालक जिते हाईत तवर त्यांना खरं सांगा. तुमच्या बोलण्यात येऊन त्यांनी मारलं, न्हाई तर असा माणूस न्हाई तो."

मला नाही म्हणता आलं नाही. खाटेपाशी बसून मी सांगितलं, "अण्णा, त्या खंडेनवमीला फडकं मी सोडलं व्हतं. मिस्त्रीची चूक नव्हती."

अण्णांनी डोळेही उघडले नाहीत. "ठावं हाय. खिडकीतून बघून राहिलो व्हतो मी."

"मग तवा काहून बोलले न्हाई?"

"काय बोलू? तू माझं पोरगं. तो कोण?"

मिस्त्री दारातच उभा होता. त्यानं पान्यांची पिशवी उचलली, चपला घातल्या आणि अंगण ओलांडून गेला. मी त्याच्या मागं जायला हवं होतं. गेलो नाही. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं. अण्णा आणखी काही बोलतील म्हणून मी खाटेपाशीच बसून राहिलो.